आईचं ऑपरेशन, वडिलांची पेन्शन आणि दोन राज्यांतली कागदपत्रं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतरांनाही कळेल. तुम्ही निपाणी तालुक्यातले. वडील ५९ वर्षांचे. ते १९९८ ते २०११ कागलजवळच्या सूतगिरणीत होते, म्हणजे महाराष्ट्रात, आणि नंतर नऊ वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत, म्हणजे कर्नाटकात. दोन्हीकडे पीएफ कापला गेला. आई ५७ वर्षांची, तीस वर्षं बिड्या वळल्या, आता हृदयाची झडप बदलायला सांगितली आहे. एजंट म्हणतो, पेन्शनचे सगळे पैसे काढा आणि ऑपरेशनला लावा. शेजारी म्हणतात, महाराष्ट्राची आरोग्य योजना सीमाभागालाही लागू आहे. दुसरे कुणी म्हणतात, तिकडे गेलात तर इकडचं रेशन कार्ड जाईल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की काका शिक्षक होते, त्यांना घरबसल्या भरघोस पेन्शन मिळते, आईवडिलांच्या हातात मात्र काही नाही, हा न्याय आहे का.

मी निपाणीत सव्वीस वर्षं बिडी कामगार बायकांचे पीएफचे आणि दवाखान्याचे कागद करून देते. माझी आईही सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची. त्यामुळे मी तटस्थ आहे असं म्हणणार नाही. शेवटच्या प्रश्नावर मी बोलणार आहे, पण आधी ऑपरेशन.

एक गोष्ट पहिल्यांदा नक्की करा: ऑपरेशनचा खर्च आणि पेन्शन यांची गाठ कुणालाही मारू देऊ नका. एजंट तीच मारतो, कारण त्याला त्यात टक्केवारी मिळते. ऑपरेशन आरोग्य योजनेतून करायचं, पेन्शन म्हातारपणाला ठेवायची.

तुमच्या घरी कर्नाटकचं बीपीएल कार्ड आहे असं तुम्ही लिहिलंय. मग 'आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक' योजनेत घरटी वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. कार्ड एपीएल असतं तर पॅकेजच्या खर्चाचे फक्त ३० टक्के, तेही दीड लाखाच्या मर्यादेत मिळाले असते. म्हणून कार्डाचा रंग आधी बघा, त्यातल्या सगळ्यांची नावं आणि आधार जोडलेलं आहे का तेही बघा. लोक चुकतात ते पुढच्या पायरीवर. तातडीची वेळ सोडली तर या योजनेत थेट खासगी रुग्णालयात जाऊन भरती होता येत नाही. आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं. ती सोय तिथे नसेल तर ते चिठ्ठी देतात आणि त्या चिठ्ठीवर योजनेतल्या रुग्णालयात केस होते. तुमच्यासाठी ते सरकारी ठिकाण म्हणजे बेळगावचं बिम्स. झडपेचं ऑपरेशन ठरवून करतात, त्यामुळे 'इमर्जन्सी' म्हणून ते बसवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

रुग्णालयात गेल्यावर काउंटरवर पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, गाठा. त्याला विचारा की पॅकेजमध्ये झडपेची किंमत धरली आहे का, कुठल्या प्रकारची झडप बसवणार, आणि ऑपरेशनआधीच्या तपासण्यांचे पैसे कोण देणार. उत्तरं कागदावर घ्या. माझ्या चुलत बहिणीच्या वेळी आम्ही हे विचारलं नव्हतं. योजनेत सगळं फुकट आहे असं आम्हाला सांगितलं होतं, आणि भरतीच्या तिसऱ्या दिवशी हातात बाहेरच्या तपासण्यांचं बिल आलं. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. तेव्हा मंजुरी यायच्या आधीच आम्ही रोख भरली होती, आणि एकदा रोख भरली की ती परत मिळवायला फार खेटे घालावे लागतात.

आता महाराष्ट्राच्या योजनेचं. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळात सीमाभागाचा ठराव झाला. त्यानंतर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना वादातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटक सरकारने त्याला उघड विरोध केला. हा लाभ कागदावर आहे, पण तुमच्यापर्यंत तो कसा पोचेल हे तुमचं गाव यादीत आहे का, कार्ड कोणतं, मराठी भाषिक असल्याचं घोषणापत्र आहे का आणि पलीकडचं रुग्णालय ते कागद कसे वाचतं यावर ठरतं. माझ्याकडच्या काही जणांचं काम झालं, काही जण दोनदा कोल्हापूरला जाऊन रिकाम्या हाताने परतले. रेशन कार्ड जाण्याची भीती मात्र खोटी आहे. बीपीएल कार्ड रद्द होतं ते उत्पन्न, आयकर, सरकारी नोकरी, जमीन, चारचाकी अशा कारणांनी. शेजारच्या राज्यात उपचार घेतले म्हणून ते रद्द होत नाही. पण कागलला मामाच्या पत्त्यावर दुसरं रेशन कार्ड काढायचा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हणा. आधार जोडल्यावर दोन्ही कार्डं एका दिवसात उघडी पडतात आणि मग दोन्हीकडचं जातं.

तुमच्या आईसाठी मी बेळगावच निवडेन, आणि त्याचं कारण सीमेशी किंवा अभिमानाशी लावू नका. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर चालते. तिचा डोस बरोबर आहे का हे बघायला ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी करावी लागते. ऑपरेशन एकदाच होतं, ही तपासणी मात्र वर्षानुवर्षं चालते. दर खेपेला आईला सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून न्यायचं, तुमची एक दिवसाची मजुरी बुडवायची, आणि मग पाऊस लागला की "पुढच्या महिन्यात जाऊ" म्हणायचं, हे मी फार घरांत पाहिलंय. एका घरात त्यातूनच रक्ताची गाठ झाली. ऑपरेशन करणारं रुग्णालय लांब असलं तर चालेल, पण नंतरच्या तपासणीचं ठिकाण जवळच हवं, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

आता वडिलांची पेन्शन. इथे सीमा आडवी येत नाही, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. पीएफ आणि त्यासोबतची १९९५ ची पेन्शन योजना केंद्राची आहे. कागलची तेरा वर्षं आणि उद्यमबागेतली नऊ वर्षं एकत्र धरता येतात. अडचण एवढीच की वडिलांनी गिरणी सोडली २०११ ला आणि यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) सुरू झाले २०१४ ला. म्हणजे गिरणीचं खातं जुन्या नंबरावर तसंच पडून आहे आणि फौंड्रीचं खातं यूएएनवर आहे. दोन्ही जोडली गेली नाहीत, तर कार्यालयाच्या लेखी ती दोन वेगळी माणसं आहेत.

एजंटचा डाव इथेच आहे. फौंड्रीची नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी दिसते, म्हणून तिचा पेन्शनचा भाग १०सी फॉर्म भरून एकरकमी काढता येतो. रक्कम बघून माणूस हुरळतो. पण हिशेब करा. पेन्शन काढायचं सूत्र असं: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. ऑगस्ट २०१४ पर्यंत पगाराची कमाल मर्यादा ६,५०० होती, सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० झाली. नुसत्या गिरणीच्या तेरा वर्षांची पेन्शन जास्तीत जास्त ६,५०० गुणिले १३ भागिले ७० म्हणजे साधारण १,२०० रुपये. दोन्ही नोकऱ्या जोडल्या तर जुन्या मर्यादेतली सोळा-एक वर्षं आणि नव्या मर्यादेतली साधारण सहा वर्षं होतात. शेवटच्या पाच वर्षांचा सरासरी पगार १२,००० धरला तर १,४८६ अधिक १,०२९, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास. वीस वर्षांवर सेवा गेली की दोन वर्षं वाढवून धरतात, त्याची थोडी भर वेगळी. हा ढोबळ अंदाज आहे, वडिलांचा खरा पगार बघितल्याशिवाय नेमका आकडा सांगता येणार नाही. पण पेन्शन दुपटीने वाढते एवढं यातून कळतं. शिवाय वडिलांच्या माघारी त्याची निम्मी आईला मिळते. १०सी भरलात तर ही सगळी वाढ एका सहीत जाते.

म्हणून क्रम असा ठेवा: जुना पीएफ नंबर शोधा (गिरणीच्या वार्षिक पावतीवर किंवा पगाराच्या चिठ्ठीवर असतो), तो यूएएनला जोडा, मग १०डी, म्हणजे पेन्शन मागायचा फॉर्म, भरा. वडिलांना ५८ पूर्ण होऊन वर्ष झालंय, ते थकलेलं पेन्शनही मिळतं. आणि पूर्वी कोल्हापूर कार्यालयाने मंजूर केलेली पेन्शन घ्यायला लोकांना तिकडच्या ठरलेल्या बँकेतच जावं लागायचं. जानेवारी २०२५ पासून ती देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते. सीमाभागातल्या म्हाताऱ्यांसाठी हा एक बदल खरोखर मोठा आहे.

नाव मात्र आताच तपासा. आपल्याकडे हा रोग घरोघरी आहे. कोल्हापूरच्या कारकुनाने लक्ष्मी लिहिताना इंग्रजीत 'एक्स' घातलेला असतो, आणि इकडे आधार काढताना कन्नड उच्चारावरून 'के-एस-एच' पडतं. तिकडे नावापुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव, इकडे नुसतं आद्याक्षर. कॉम्प्युटरला ती वेगळी बाई वाटते. मालकाच्या सहीने संयुक्त घोषणापत्र देऊन दुरुस्ती होते, पण कारखाना बंद पडल्यावर ती सही मिळवणं महाकठीण.

आईच्या बिडीच्या पीएफबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय की "ती घरी वळायची, तिला कसला पीएफ." असं समजू नका. घरी बिड्या वळणारी बाईही पीएफ कायद्यात कामगारच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलंय. तिचं पासबुक, कारखान्याचं कार्ड, ओळखपत्र, जे असेल ते ट्रंकेतून काढा. खातं निघालं आणि दहा वर्षं भरली असतील, तर ५८ पूर्ण होईपर्यंत थांबा. आधी मागितली तर दर वर्षामागे ४ टक्के कापतात, आणि तुम्हाला आता एकच वर्ष काढायचंय.

आणि हयातीचा दाखला. गेल्या नोव्हेंबरात एक आजी माझ्याकडे आल्या. यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. साबणाने हात धुतले, पदराला पुसले, परत ठेवला, परत लाल. मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. पत्ता कापून, तंबाखू चोळून, दोरा गुंडाळून बोटांवरच्या रेषा घासून गेल्या होत्या. अंगठा आरशासारखा गुळगुळीत. चाळीस वर्षं ज्या कामाचा पीएफ भरला, त्याच कामाने ओळख पटवायचं साधन नेलं. शेवटी दारातल्या उजेडात बसवून मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला झाला. तुमच्या आईच्या बाबतीत सुरुवातीपासूनच चेहऱ्याचा पर्याय धरा.

आता न्यायाचं. काकांच्या पेन्शनबद्दल तुमच्या मनात राग आहे, तो मला कळतो, पण तो चुकीच्या माणसावर आहे. त्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता मिळतो, कारण ते जुन्या योजनेतले. कर्नाटकात १ एप्रिल २००६ नंतर लागलेल्या शिक्षकालाही ते मिळत नाही, तो नव्या योजनेत आहे. जुनी की नवी, या वादात गेली काही वर्षं सगळा देश गुंतलाय. त्यातून केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन आणली, आणि तिथे दहा वर्षं नोकरी झालेल्याला किमान १०,००० रुपयांची हमी आहे. ते बरोबरच आहे. पण त्याच केंद्राच्या योजनेत दहा वर्षं भरलेल्या कारखान्यातल्या कामगाराला किमान १,००० रुपये आहेत, आणि सप्टेंबर २०१४ पासून त्यात एक रुपया वाढलेला नाही. महागाई भत्ता तर नाहीच. पेन्शनरांची मागणी ७,५०० ची आहे. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न खोटा नाही, तो फंड सगळ्यांच्या वर्गणीवर चालतो. पण १,००० पर्यंत नेण्यासाठी सरकार आजही तिजोरीतून भर घालतंच. म्हणजे तत्त्व मान्य आहे, आकडा तेवढा गोठवून ठेवलाय. माझं मत विचाराल तर काकांचा महागाई भत्ता काढू नये, तो तुमच्या वडिलांना लावावा.

मला याहूनही जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. कर्नाटकात ६५ वर्षांवरच्या गरीब माणसाला संध्या सुरक्षा योजनेत महिना १,२०० रुपये मिळतात. पण दुसरी कुठलीही पेन्शन चालू असेल तर ते मिळत नाहीत. आता दोन शेजारणी डोळ्यांपुढे आणा. एकीचा पीएफ कधी कापलाच गेला नाही, तिला पासष्टीला १,२०० मिळतात. दुसरीने तीस वर्षं प्रत्येक हजार बिड्यांमागे वर्गणी भरली, तिला १,००० मिळतात आणि १,२०० चं दार बंद होतं. भरणारी दोनशे रुपयांनी मागे. माझ्याकडे येणाऱ्या बायका हे बरोबर जाणतात. "अक्का, भरलं नसतं तर बरं झालं असतं काय?" असं त्या विचारतात, आणि मला उत्तर सापडत नाही. मी नाही म्हणते, कारण त्यांच्या माघारी नवऱ्याला मिळणारी पेन्शन आहे, पीएफची रक्कम आहे. पण नियम दुरुस्त करायचा असेल तर इथून करावा: वर्गणीतून कमावलेली पेन्शन ठरावीक रकमेपर्यंत धरूच नये. तुमच्या आईला पासष्टीला अजून आठ वर्षं आहेत. तोवर हा नियम बदलावा म्हणून मी निवेदनं देत राहणार आहे.

दुसरा प्रश्न राहण्याच्या अटींचा. तो आपल्याला जास्त लागतो, कारण आपल्याकडे पोटासाठी सीमा ओलांडणं रोजचं आहे. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतली पोरं सकाळी शिनोळीच्या कारखान्यात, म्हणजे महाराष्ट्रात जातात आणि संध्याकाळी कर्नाटकात झोपतात. खानापूरच्या बायका गोव्यात घरकाम करतात. महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेला त्या राज्यात पंधरा वर्षं राहिल्याची अट आहे. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला पाच वर्षांची. आणि गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना पैसे लागतात. गोव्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांचं रुग्णालय तिथल्या लोकांसाठी आहे आणि आपल्याकडून, सिंधुदुर्गातून गर्दी होते. पण जीएसटीतला राज्याचा वाटा जिथे वस्तू खपते त्या राज्याला जातो. पणजीत राहून तेल, साबण, कपडे घेणारी खानापूरची बाई गोव्याच्या तिजोरीत भर घालतेच. आजारी पडल्यावर मात्र ती परकी होते.

याला उपाय नाही असं कुणी म्हणू नये. भारताचा बेल्जियमशी २००९ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, त्यात दोन देशांतली नोकरीची वर्षं पेन्शनसाठी एकत्र धरता येतात. रेशनचं धान्यही आता दुसऱ्या राज्यात मिळतं. मग कोल्हापुरात दहा आणि बेळगावात आठ वर्षं राबलेल्या माणसाची राहण्याची वर्षं दोन राज्यांनी एकत्र का धरू नयेत? १९५६ ला रेघ ओढली तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. ती कुठे असावी याचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. आईची झडप तोवर थांबणार नाही.

म्हणून या आठवड्यात बिम्सला जा. सोबत बीपीएल कार्ड, आईचं आधार, इको तपासणीचा रिपोर्ट आणि ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं त्यांची चिठ्ठी घ्या, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा. मूळ रिपोर्ट कुठेही सोडून येऊ नका. फौंड्रीत वडिलांचा इएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात होता का हेही विचारा. निदान पाच वर्षं कापला गेला असेल आणि ते वयोमानाने निवृत्त झाले असतील, तर वर्षाला १२० रुपये भरून दोघांनाही इएसआयचे उपचार मिळू शकतात. पण त्यांनी २०२० ला चोपन्न-पंचावन्नाव्या वर्षी काम सोडलं असं दिसतं. ते निवृत्ती म्हणून सोडलं की कारखान्याने कमी केलं, यावर सगळं ठरेल. १०डीसाठी आईवडिलांचा एकत्र फोटो लागतो, तो आई भरती व्हायच्या आधी काढून घ्या. जुना पीएफ नंबर सापडला की इथे 'सापडला' एवढंच लिहा, नंबर टाकू नका. पुढचं मी सांगते.